कॅन्सरचे उपचार चालू असताना रोजच्या सवयी: काय खावं, किती हालचाल करावी, कशाकडे लक्ष ठेवावं (मुंबईकर पेशंट आणि घरच्यांसाठी)

दादरची_आहारतज्ज्ञ

परळला तपासणीसाठी येणाऱ्या बहुतेक घरांकडे एक यादी असते. साखर बंद, दूध बंद, अंडं बंद, मासे बंद, रात्रीचा भात बंद. कुणी नातेवाइकानं सांगितलेली, कुणी फोनवर पुढे पाठवलेली. चार महिन्यांत पेशंटचं वजन आठ-नऊ किलोनं उतरतं आणि मग अशक्तपणामुळे पुढचा केमो लांबतो. हे थांबावं म्हणून हा धागा काढते आहे.

उपचार चालू असताना सगळ्यांत मोठं पथ्य म्हणजे वजन आणि स्नायू टिकवणं. सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन उतरलं तर ती धोक्याची खूण समजा. ६० किलोच्या माणसाचे ३ किलो. वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी करा आणि वहीत लिहा. पोटात पाणी झालं असेल किंवा पायांना सूज असेल तर काटा फसवतो. वजन तेवढंच दिसतं, पण दंड आणि मांड्या बारीक झालेल्या असतात. अशा वेळी दंडाचा घेर टेपनं मोजा.

हिशेब साधा आहे. दर किलो वजनामागे दिवसाला २५ ते ३० कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं. ५० किलोच्या बाईला साधारण १२५० ते १५०० कॅलरी आणि ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं लागतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनांचा आकडा डॉक्टरांकडूनच घ्या.

आता हे ताटात कसं बसतं ते बघा:

सकाळी २०० मिली दुधात दोन मोठे चमचे सातूचं पीठ: १० ग्रॅम
दोन पूर्ण शिजलेली अंडी: १२ ग्रॅम
दुपारी ३० ग्रॅम डाळीचं घट्ट वरण, मऊ भात, १०० ग्रॅम मासा, अर्धी वाटी दही: २९ ग्रॅम
संध्याकाळी ५० ग्रॅम पनीर: ९ ग्रॅम
रात्री तांदूळ आणि मुगाची डाळ समसमान घेतलेली खिचडी, वर तूप: ९ ग्रॅम

बेरीज सत्तरच्या आसपास जाते. मासा सुरमई, मुडदुशी, ताजे बोंबील, जे काटा नीट काढून देता येईल ते. शाकाहारी घरात माशाच्या जागी २५ ग्रॅम सोयाबीनच्या वड्या (१२-१३ ग्रॅम) भिजवून, पिळून, मिक्सरला फिरवून आमटीत घाला.

डाळीच्या वरचं पाणी पेशंटला देऊ नका. डाळ खाली राहते आणि पेशंटच्या वाटीत पिवळं पाणी येतं. त्यात प्रथिनं जवळजवळ नसतात. पचायला हलकं हवं असेल तर सगळी डाळ घोटा, गाळू नका.

ठाकुर्ली_फास्ट

ताई, साखरेबद्दल स्पष्ट लिहा ना. साखर खाल्ली की गाठ वाढते असं घरात प्रत्येक जण सांगतो. चहासुद्धा बिनसाखरेचा चालू केला आहे.

दादरची_आहारतज्ज्ञ

गाठीच्या पेशी ग्लुकोज वापरतात हे खरं आहे. पण शरीरातल्या सगळ्याच पेशी वापरतात. तुम्ही साखर शून्यावर आणली तरी यकृत स्नायूंतल्या प्रथिनांपासून ग्लुकोज तयार करतं. म्हणजे गाठीची उपासमार होत नाही, दंड-मांड्या मात्र झिजतात. मधुमेह नसेल आणि वजन उतरत असेल तर चहातली साखर, शिरा, खीर, लाडू चालतील. त्या घासात कॅलरी आहेत आणि त्या हव्या आहेत.

मधुमेह असेल, किंवा केमोबरोबर स्टेरॉइड चालू असतील, तर रक्तातली साखर चढते. तिथे मोजणी ठेवा आणि साखरेच्या कॅलरी तेल, तूप, शेंगदाण्याचं कूट, पनीर यांतून भरून काढा. शेंगदाणे मात्र पावसाळ्यात नीट पारखून घ्या. काळपट, सुरकुतलेले, कडवट, कुबट वासाचे दाणे फेकून द्यायचे. बुरशीचं विष भाजल्यानं पुरतं जात नाही.

भूकच नसेल त्याला "जेव, जेव" म्हणून ताट पुढे करू नका. दर दोन तासांनी अर्धी वाटी. पाणी जेवताना न देता मधल्या वेळात. आणि त्या अर्ध्या वाटीत जे असेल ते दाट असावं: पेजेत दूध पावडर, उपम्यात चमचाभर जास्त तूप, खिमटात अंडं फेटून शिजवलेलं.

परिचारिका_शिवडी

ताईंच्या यादीला जोडून स्वच्छतेचं लिहिते, कारण घरी सगळ्यांत जास्त गोंधळ इथेच असतो.

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यांत खाली जातात. औषधाप्रमाणे हे दिवस मागे-पुढे होतात, तुमच्या वॉर्डात विचारून कॅलेंडरवर खूण करा. या दिवसांत ताप १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस झाला की ती इमर्जन्सी. सकाळची वाट बघायची नाही. आधी पॅरासिटामॉल देऊन "उतरतो का बघू" असंही करू नका, त्यानं ताप झाकला जातो आणि आतलं इन्फेक्शन वाढत राहतं. हॉस्पिटलच्या नंबरवर फोन करा, केमोचं कार्ड आणि शेवटची सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट) घेऊन निघा. कधीकधी ताप नसतो, नुसती हुडहुडी भरते किंवा माणूस गळून जातो. तेही तितकंच गंभीर.

थर्मामीटर डिजिटल, जिभेखाली. चहा किंवा गार पाणी घेतल्यावर अर्धा तास थांबून लावा, नाहीतर आकडा चुकतो. तोंड आलेलं असेल तर काखेत लावा आणि सांगताना "काखेतला" असं सांगा, तो आकडा थोडा कमी येतो. गुदद्वारात थर्मामीटर, एनिमा, सपोझिटरी काहीही नाही.

जेवण: पूर्वी पांढऱ्या पेशी कमी असल्या की फळं, सॅलड सगळंच बंद करायचे. त्यानं इन्फेक्शन कमी होतं असं दिसलेलं नाही. नीट धुणं आणि नीट शिजवणं यानंच फरक पडतो. केळं, संत्रं, मोसंबी, पपई अशी जाड सालीची फळं साल धुऊन, मग सोलून. पालेभाजी पान-पान सुटं करून वाहत्या पाण्यात, आणि शिजवूनच. पिण्याचं पाणी खळखळ उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट उकळू द्या आणि झाकून ठेवा. सोसायटीची टाकी कधी धुतली ते विचारून घ्या.

आपल्या हवेत शिजवलेलं अन्न ओट्यावर तासाभरापेक्षा जास्त राहू देऊ नका. भाताकडे विशेष लक्ष हवं. त्यातले काही जंतू शिजण्यातूनही टिकतात, भात कोमट राहिला की वाढतात, आणि त्यांचं विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. उरलेला भात पसरट भांड्यात लवकर गार करून फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून एकदाच.

बाहेरचं म्हणाल तर उसाचा रस, बर्फाचा गोळा, पाणीपुरी, गाडीवरची कापलेली फळं नाहीत. वडापाव लोक हमखास विचारतात. वडा कढईतून गरम निघतो हे खरं, पण ओली चटणी कच्ची असते आणि पाव हातानं चिरलेला असतो. शहाळं हवं असेल तर घरी आणा, बाहेरून धुवा, स्वच्छ सुरीनं फोडा आणि आपल्याच पेल्यात ओता.

गिरगावकर

मग दही-ताकाचं काय? एक वॉर्ड हो म्हणतो, दुसरा नाही.

परिचारिका_शिवडी

पेशी ठीक असतील तेव्हा पिशवीचं पाश्चराइझ्ड दूध उकळून घरी लावलेलं, एका दिवसाच्या आतलं दही चालतं. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या खाली गेले असतील तर तुमच्या वॉर्डाचं ऐका. तिथे नियम वेगळे असतात आणि ते त्यांच्या पेशंटनुसार ठरलेले असतात. प्रोबायोटिकच्या कॅप्सूल मात्र त्या काळात स्वतःहून घेऊ नका, त्यांत जिवंत जंतूंचं प्रमाण खूप असतं.

दादरची_आहारतज्ज्ञ

सहमत. एक भर: केमोनंतर जुलाब लागले की काहींना थोडे दिवस दूध सोसत नाही, पण ताक सोसतं. दूध बंद केलं तर त्यातली ६-७ ग्रॅम प्रथिनं दुसऱ्या कशातून तरी भरा. जुलाबात ओआरएसचं एक लिटरचं पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात, अर्धं अर्धं करून नाही. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. रोजच्यापेक्षा चार वेळा जास्त जावं लागलं तर फोन करायचा.

बद्धकोष्ठाचं उलट आहे. उलटीची ऑन्डान्सेट्रॉन आणि दुखण्याची मॉर्फीन, दोन्हींनी पोट घट्ट होतं. मॉर्फीन चालू असताना इसबगोल देऊ नका. आतडं आधीच मंद असतं, त्यात तो फुगून बसतो. डॉक्टरांकडून सारक लिहून घ्या, आणि ते मॉर्फीनच्या पहिल्या दिवसापासून.

डोंबिवलीचा_मुलगा

तोंडाच्या कॅन्सरच्या पेशंटबद्दल कुणी लिहील का? रेडिएशन सुरू होणार आहे. तोंड आत्ताच दोन बोटांइतकंच उघडतं.

फिजिओ_मुलुंड

दादा, आजपासूनच सुरू करा. शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू झाल्यावर स्नायू आखडत जातात आणि मग मागे येणं अवघड होतं.

मोजायची पद्धत: पेशंटची स्वतःची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका उभी एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये जातात का बघा. तीन बोटं गेली तर बरं. पट्टीनं मोजायचं तर ३५ मिलिमीटरच्या खाली तोंड आखडलं असं धरतात.

व्यायाम: आइसक्रीमच्या लाकडी काड्या नव्या घ्या, धुऊन वाळवा. जितकं तोंड सहज उघडतं तितक्या काड्यांची चळत पुढच्या दातांमध्ये ठेवा. मग मधोमध एक काडी हळूच सरकवा. ताण जाणवला पाहिजे, कळ येता कामा नये. ३० सेकंद धरा, काढा, विश्रांती. असं पाच वेळा, दिवसातून चार-पाच वेळा. आठवड्याला एक काडी वाढली तरी चांगली प्रगती आहे. रेडिएशनच्या मधल्या आठवड्यांत आकडा वाढणार नाही, तेव्हा आहे तेवढा टिकवायचा. पुढचे दात हलत असतील, किंवा नुकतंच ऑपरेशन होऊन फ्लॅप (दुसरीकडून घेतलेला मांस-कातडीचा तुकडा) लावला असेल, तर सर्जननी हिरवा कंदील दिल्याशिवाय काड्या नाहीत. व्यायाम रेडिएशन संपल्यावरही महिनोन् महिने चालू ठेवायचा असतो. लोक शेवटच्या शेकेला थांबतात आणि नंतरच्या सहा महिन्यांत जबडा बसतो.

परिचारिका_शिवडी

आणि शेक सुरू होण्याआधी दंतवैद्याकडे जाऊन या. किडलेला, काढावा लागणारा दात आधी काढून जखम भरू द्यायची. रेडिएशननंतर त्या जबड्यातला दात काढला तर हाड भरून न येण्याची, कुजण्याचीही भीती असते. नंतर कधीही दात काढायची वेळ आली तर दंतवैद्याला रेडिएशन झाल्याचं आधी सांगा.

गुळण्या: एक पेला कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि त्याच्या निम्मं मीठ. दिवसातून चार ते सहा वेळा, जेवल्यावर आणि झोपताना हमखास. बाजारातलं माउथवॉश अल्कोहोलचं असेल तर नको, आग होते आणि तोंड कोरडं पडतं. ब्रश सगळ्यांत मऊ. तिखट, आंबट, कडक पोळीचे काठ, कुरमुरे, फरसाण बाजूला ठेवा. कोकम सरबत लोक थंड म्हणून देतात, पण तोंड आलेलं असताना ते झोंबतं.

बर्फाबद्दल सांभाळून. फाइव्ह-एफयू या केमोच्या औषधाचं इंजेक्शन एकदम देतात तेव्हा पाच मिनिटं आधीपासून अर्धा तास बर्फाचे तुकडे तोंडात धरले तर तोंड कमी येतं. पण सोबत ऑक्सॅलिप्लॅटिन हे केमोचं औषध असेल तर गार काहीच नको. त्या औषधानंतर काही दिवस गार पाण्यानं घसा आवळल्यासारखा होतो, फ्रिजचं दार उघडून आत हात घातला तरी बोटांना झिणझिण्या येतात. कुठलं औषध आहे हे कार्डावर वाचूनच ठरवा.

डोंबिवलीचा_मुलगा

मनापासून आभार. पुढे नाकातून नळी घालावी लागेल असं सांगितलं आहे. त्यातून घरचं अन्न कसं द्यायचं?

दादरची_आहारतज्ज्ञ

हे जरा विस्तारानं लिहिते, कारण नळीच्या पेशंटचं वजन सगळ्यांत वेगानं उतरतं आणि ते टाळता येतं. चुका तीनच होतात: पातळ देणं, कमी वेळा देणं आणि नळी न धुणं.

एका वेळचं प्रमाण: दूध २०० मिली, भाजलेलं सातूचं पीठ दोन मोठे चमचे (१५ ग्रॅम), दूध पावडर एक मोठा चमचा, साखर दोन लहान चमचे, तेल एक लहान चमचा. सातू आधी थोड्या गार दुधात कालवा, गुठळी राहता कामा नये. मग उरलेलं दूध घालून मंद आचेवर पाच मिनिटं शिजवा. दाटलं तर ५० मिली पाणी. गार झाल्यावर मिक्सरमधून फिरवून बारीक जाळीच्या गाळणीतून गाळा. हे साधारण २५० मिली होतं, ३०० कॅलरी आणि ११-१२ ग्रॅम प्रथिनं. दिवसातून सहा वेळा दिलं तर १८०० कॅलरी आणि ७० ग्रॅम. पहिल्या दिवशीच इतकं देऊ नका. १०० मिलीपासून सुरू करून तीन-चार दिवसांत वाढवा. दोन वेळा दुधाऐवजी घोटलेली मुगाची खिचडी आणि भोपळा किंवा गाजर, तेल घालून, फिरवून, गाळून द्या. मधुमेह असेल तर साखर काढून तेल एक चमचा वाढवा.

देताना पेशंटला बसवा, निदान ४५ अंशांत टेकवून. दिल्यावर तासभर तसंच. आधी नाकपुडीपाशी नळीवर असलेली खूण जागेवर आहे का बघा. खूण बाहेर सरकली असेल तर काहीही घालू नका, हॉस्पिटल गाठा. ५० मिलीची सिरिंज दट्ट्या काढून नळीला जोडायची, फूटभर उंच धरायची आणि अन्न आपल्या वजनानं उतरू द्यायचं. पंधरा-वीस मिनिटं लागतात. दट्ट्यानं जोर लावला तर पोट फुगतं, उलटी होते आणि ते छातीत जाऊ शकतं. देताना खोकला आला किंवा दम लागला तर लगेच थांबा.

आधी आणि नंतर ३० ते ५० मिली उकळून गार केलेलं पाणी सोडा. नळी अडली तर कोमट पाणी सिरिंजनं हलकेच आत-बाहेर करा. तार घालायची नाही, कोल्ड्रिंक ओतायचं नाही.

औषधवाला_लालबाग

नळीतून गोळ्या देणाऱ्यांसाठी: प्रत्येक गोळी वेगळी कुटा, वेगळी द्या, मधे पाणी सोडा. अन्नात मिसळू नका. आवरण असलेल्या आणि हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटायच्या नसतात, दुकानदाराला विचारा, त्याच औषधाचं पातळ रूप मिळतं का बघा. केमोची गोळी घरी कधीही कुटू नका. तिची भुकटी घरातल्या सगळ्यांच्या श्वासात जाते.

आता दुसरा विषय, जो मला सगळ्यांत तळमळीनं सांगायचा आहे: काढे आणि पूरक गोळ्या. गुळवेलीचंच उदाहरण बघा. कोविडच्या काळात घरोघरी काढा सुरू झाला, आणि मुंबईतल्याच डॉक्टरांनी तो घेणाऱ्यांमध्ये यकृताला इजा झाल्याची नोंद केली. केमो चालू असलेल्या माणसाचं यकृत आधीच कामाला जुंपलेलं असतं. एसजीपीटी (यकृताच्या तपासणीतला आकडा) वाढलं की डॉक्टरांना कळत नाही की औषधानं वाढलं का काढ्यानं, आणि केमोचा डोस कमी होतो किंवा थांबतो.

भाजीतली हळद चालू ठेवा. हळदीच्या एकवटलेल्या कॅप्सूल वेगळ्या, त्या काही औषधांच्या आड येतात आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रक्तस्राव वाढवू शकतात. कॅपेसिटाबिन ही केमोची गोळी चालू असेल तर ताकदीच्या गोळीत फॉलिक ॲसिड किती आहे ते डॉक्टरांना दाखवा, त्यानं दुष्परिणाम वाढतात. कॅपेसिटाबिनची गोळी जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत घ्यायची असते. बोर्टेझोमिब या कॅन्सरच्या औषधावर असणाऱ्यांनी ग्रीन टी टाळावा. इमॅटिनिबसारख्या गोळ्यांवर असणाऱ्यांनी पपनस टाळावं. कोकणातून पेटीभर पपनसं येतात आणि कुणाच्या डोक्यातही येत नाही की त्यानं औषधाचं रक्तातलं प्रमाण बदलू शकतं.

काढा घेत असाल तर लपवू नका. बाटली घेऊन ओपीडीत जा आणि टेबलावर ठेवा.

मधुमालती

आमच्याकडे सगळे म्हणतात पेशंटनं फक्त पडून राहायचं. चालायला पाठवलं की सासूबाई रागावतात.

फिजिओ_मुलुंड

ताई, सासूबाईंना सांगा की केमोच्या थकव्यावर सगळ्यांत खात्रीचा उपाय हालचालच आहे. नुसतं पडून राहिलं की आठवड्याभरातच मांड्यांची ताकद जायला लागते, मग उठणं जड जातं, मग आणखी पडून राहणं.

सर्वसाधारण माप असं: आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास चालणं आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम. अर्धा तास एकदम जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे. वेग असा की बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. आपल्या दमट हवेत मे आणि ऑक्टोबरमध्ये सकाळी सातच्या आधी किंवा संध्याकाळी उन्हं उतरल्यावर. पावसाळ्यात निसरड्या फुटपाथवर जाण्यापेक्षा इमारतीच्या गॅलरीत, चाळीच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घाला. पायांना मुंग्या-बधिरपणा असेल तर स्लीपर नको, मागून बंद असलेली चप्पल किंवा बूट घाला. बधिर पावलातून स्लीपर कधी निसटते ते कळत नाही.

ताकदीसाठी खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं १० वेळा, भिंतीला हात टेकून दंड १० वेळा, अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या हातात धरून कोपरातून हात वाकवणं १० वेळा. हे सगळं दोनदा.

न करण्याचे दिवस: ताप, उलट्या-जुलाब, हिमोग्लोबिन ८ च्या खाली, छातीत दुखणं, चक्कर, एकाच पोटरीला सूज. प्लेटलेट ५० हजारांच्या खाली असतील तर वजनं नाहीत. २० हजारांच्या खाली असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नाही.

हाडांत पसरलेला आजार असेल तर नियम वेगळे. पुढे वाकणं, कंबर पिळणं, बादली उचलणं टाळा. सूर्यनमस्कार आणि पश्चिमोत्तानासन तर नकोच, कमकुवत मणका त्यात दबू शकतो. पोटाचं ऑपरेशन झालेल्यांनी, विशेषतः पोटावर शौचाची पिशवी असलेल्यांनी, कपालभाती करू नये. हर्नियाची भीती असते.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरबद्दल २०२५ मध्ये मोठा अभ्यास आला. ऑपरेशन आणि केमो संपलेल्या ८८९ पेशंटमध्ये तीन वर्षं देखरेखीखाली व्यायाम केलेल्या गटात पाच वर्षांनंतर ८०.३ टक्के लोक आजार परत न येता होते, नुसती माहितीपत्रकं दिलेल्या गटात ७३.९ टक्के. हे त्या एका कॅन्सरबद्दल आहे, सगळ्यांना जसंच्या तसं लावू नका. पण सासूबाईंना दाखवायला पुरेसं आहे.

गिरगावकर

स्तनाच्या ऑपरेशननंतर काखेतल्या गाठी काढल्या आहेत. त्या हातानं काहीच उचलायचं नाही ना?

फिजिओ_मुलुंड

असं पूर्वी सांगायचे. हळूहळू वाढवत नेलेल्या वजनांनी सूज वाढत नाही हे आता माहीत आहे, उलट हात मजबूत राहतो. अर्धा किलोपासून सुरू करा, हात जड वाटला तर एक पाऊल मागे. एकदम काही नको. भाजीच्या दोन जड पिशव्या त्या हातात धरून जिना चढणं, गर्दीच्या लोकलमध्ये त्याच हातानं कडी धरून लोंबकळत दादर ते ठाणे, हे टाळा. त्या हातात घट्ट बांगड्या, अंगठी, रक्तदाबाचा पट्टा, सुई शक्यतो नको. भाजलं-कापलं तर लगेच धुऊन मलम. हात लाल, गरम झाला आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर.

लोकलचं निघालं म्हणून: कॅन्सरच्या पेशंटना दिव्यांगांच्या डब्यातून जाता येतं. हॉस्पिटलचे कागद जवळ ठेवा आणि निःसंकोच चढा.

परिचारिका_शिवडी

चाळीत किंवा धर्मशाळेत शौचालय सामाईक असेल तर हे वाचा. केमोनंतर कमीत कमी ४८ तास लघवी, शौच, उलटीतून औषध बाहेर पडतं. बसूनच लघवी, झाकण असेल तर झाकण लावून दोनदा फ्लश, नसेल तर भरपूर पाणी दोनदा. उलटीचं भांडं, खराब चादर हाताळताना हातमोजे, कपडे वेगळे धुवा. गरोदर बाईनं हे काम करू नये. पेशंटला हात लावायला, जवळ बसायला, एका ताटात वाढायला काहीच अडचण नाही. कॅन्सर स्पर्शानं पसरत नाही.

लस: फ्लूची इंजेक्शनची लस दर वर्षी, जमल्यास केमोच्या दोन आठवडे आधी. घरातल्या सगळ्यांनीही घ्यावी. जिवंत विषाणूंच्या लशी पेशंटला केमोत नाहीत.

मिसरी_सोडा

तंबाखूबद्दल कुणीच लिहिलं नाही. "आता कॅन्सर झालाच आहे, सोडून काय उपयोग" हे वाक्य पार खोटं आहे. तंबाखू चालू राहिली तर जखम उशिरा भरते, रेडिएशनचा परिणाम कमी होतो, तोंड जास्त येतं आणि दुसरा नवा कॅन्सर होण्याची शक्यता वाढते. बायकांची मिसरी यात धरा. "मी तंबाखू खात नाही, फक्त दात घासते" असं त्या मनापासून सांगतात, म्हणून विचारताना मिसरी, तपकीर अशी नावं घेऊन विचारा. मिसरी सोडताना शौचाला होत नाही ही खरी अडचण येते. त्याची सोय आधी करा: सकाळी कोमट पाणी, गरज पडली तर डॉक्टरांकडून सारक.

तलफ पाच-दहा मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ काढायचा. निकोटिनचं च्युइंगम घेतलं तर ते सतत चघळायचं नसतं. झणझणलं की गालात दाबून ठेवायचं, झणझण गेली की पुन्हा चार वेळा चावायचं. तोंड आलेलं असेल तर गमऐवजी पट्टी, डॉक्टरांना विचारून. सरकारची मोफत मदत १८००-११-२३५६ वर मिळते.

ठाकुर्ली_फास्ट

उपचार संपून लेट्रोझोल (हार्मोनची गोळी) चालू आहे. वजन उतरायच्या ऐवजी वाढतं आहे. वरचं सगळं तसंच लागू का?

दादरची_आहारतज्ज्ञ

नाही, आणि बरं झालं विचारलंत. वर लिहिलेलं तूप, साखर, दूध पावडर हे वजन उतरणाऱ्यांसाठी. हार्मोनच्या गोळ्यांवर वजन वाढत असेल तर प्रथिनं तेवढीच ठेवा, तळण, गोड, मैदा कमी करा, ताटाचा अर्धा भाग भाजी-कोशिंबिरीचा. आठवड्याला १५० मिनिटं चालणं. सोयाबीन, टोफू आहारातून घेतलेलं चालतं, सोयाच्या अर्काच्या गोळ्या नकोत. लेट्रोझोलनं हाडं विरळ होतात, म्हणून डेक्सा (हाडांची घनता मोजणारी) तपासणी, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियमबद्दल डॉक्टरांशी बोला. नाचणीची भाकरी, तीळ, दूध रोजच्या जेवणात असू द्या. दारू शून्य.

डोंबिवलीचा_मुलगा

शेवटचं विचारतो. नळीचं अन्न सकाळी एकदम करून दिवसभर ठेवलं तर? घरी दुपारी कुणी नसतं.

दादरची_आहारतज्ज्ञ

ओट्यावर नाही. सकाळी करून, लगेच गार करून, उकळलेल्या पाण्यानं धुतलेल्या झाकणाच्या बाटल्यांत एकेका वेळचं २५० मिली भरून फ्रिजमध्ये ठेवा. २४ तासांत संपवा. द्यायच्या आधी बाटली गरम पाण्यात उभी करून कोमट करा. एकदा कोमट केलेली बाटली परत फ्रिजमध्ये जाणार नाही. दुपारी जो देणार असेल त्याला खूण बघणं, टेकवून बसवणं आणि शेवटी पाणी सोडणं आधी एकदा तुमच्यासमोर करायला लावा.

परिचारिका_शिवडी

आणि बाटलीवर पट्टी चिकटवून वेळ लिहा. लाइट गेली तर फ्रिज उघडू नका. चार तासांपेक्षा जास्त वेळ गेलेली राहिली तर ते ओतून द्या आणि नवीन करा.

डोंबिवलीचा_मुलगा

लिहून घेतलं. बाटल्या आजच आणतो.